सहा एमएमचा मुरबाड तालुका

या जगातली प्रत्येक वस्तू देवाने आधी प्लायवुडमध्ये कापून बघितली आणि नीट जमल्यावर मगच ती दगडामातीत, हाडामांसात वगैरे केली, अशी माझ्या बहिणीच्या सासूबाईंची पक्की समजूत आहे. मोर असो, कमळ असो, खिडकीची जाळी असो की समोर बसलेला जिताजागता माणूस असो, त्या आधी त्याची बाहेरची रेघ बघतात, मग आत कुठे कुठे पोकळ आहे ते बघतात आणि मान किंचित तिरकी करून स्वतःशीच म्हणतात, "पहिलं भोक कुठे पाडायचं?" ज्यांना हे ठाऊक नसतं त्यांची पंचाईत होते. माझ्या मुलीच्या बारशाला माझे सासरे त्यांच्याशेजारी बसले होते. सासऱ्यांच्या मिशा भरघोस, टोकाला वळवलेल्या. सासूबाईंनी त्या मिशांकडे पाच मिनिटं एकटक बघितलं आणि नेमकं हेच वाक्य जरा मोठ्याने म्हटलं. सासरे जेवायला न थांबता गेले. पुढच्याच महिन्यात त्यांच्या मिशा, फक्त मिशा, लाकडात कापून, पॉलिश करून त्यांना भेट म्हणून मिळाल्या.

या भोकाचं प्रकरण जरा समजावून सांगायला हवं. सासूबाईंकडे एक मशीन आहे. लांबून शिवणाचं मशीन वाटतं, फक्त सुईच्या जागी वरखाली नाचणारं करवतीचं पातं, इतकं बारीक की चष्मा नसेल तर दिसतच नाही. लाकडाची फळी त्या पात्याला लावायची आणि वर चिकटवलेल्या कागदावरच्या रेघेप्रमाणे फिरवत न्यायची. पातं जागचं हलत नाही, लाकूड हलतं. बाहेरचा आकार कापणं त्या मानाने सोपं. पण मोराच्या पिसाऱ्यातला एकेक डोळा आतून पोकळ करायचा तर आधी तिथे भोक पाडायचं, पातं एका टोकाला सोडवून त्या भोकातून ओवायचं, पुन्हा कसायचं, तो डोळा कापायचा आणि पुढच्या डोळ्यासाठी सगळं पुन्हा पहिल्यापासून. एका मोराला असे दोनशे डोळे. हे सगळं त्या डोंबिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत बसून करतात. मशीन ठेवल्यावर जी जागा उरते तिच्यात सासूबाई मावतात, सासूबाई बसल्यावर उरते तिच्यात भुसा मावतो, आणि कपडे त्या भुशात वाळतात. माझ्या बहिणीच्या कुर्त्यांना गेली कित्येक वर्षं सागाचा वास येतो. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी तिला कुठलं अत्तर वापरतेस म्हणून विचारतात.

नोकरीत त्या ट्रेसर होत्या. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात इंजिनिअर लोक पेन्सिलीने यंत्राच्या भागांची चित्रं काढायचे आणि त्यावर पारदर्शक कागद पसरून शाईने तीच रेघ पुन्हा मारायची, हे ट्रेसरचं काम. आयुष्याची तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा मारल्या आणि एकही चुकवली नाही. "रेघ चुकली की भाग चुकतो, आणि भाग चुकला की कारखान्यात कुणाचं तरी बोट जातं," असं त्या अजूनही सांगतात, आणि सांगताना स्वतःची दहाही बोटं समोर धरतात. पुढे कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग ऑफिस बंद झालं आणि शेवटची काही वर्षं त्यांना खोक्यांवर चिठ्ठ्या बांधायला बसवलं. तिथे त्यांचं मन रमेना. मग जेवणाच्या सुट्टीत त्या चार मिनिटांत डबा संपवायच्या आणि उरलेला वेळ शेजारच्या शेडमध्ये जाऊन उभ्या राहायच्या. तिथे एक मिस्त्री ओतकामासाठी लाकडाचे नमुने कापत बसायचे. निवृत्तीच्या वेळी ऑफिसातल्या लोकांनी चांदीची समई द्यायचं ठरवलं होतं. सासूबाईंनी समई नको, मिस्त्रींकडे आहे तसलं करवतीचं मशीन द्या, असं निरोप समारंभाच्या दोन दिवस आधी तोंडावर सांगितलं. स्टेजवर हार घालून मशीन घेताना त्यांचा फोटो आहे. नवरीच्या फोटोतही त्या एवढ्या हसलेल्या नाहीत.

मी त्यांना काकू म्हणतो. बहीण त्यांच्या घरात नांदते, तेव्हा त्यांना कशालाही नाही म्हणायची माझी सोय नाही. शिवाय माझं ठाण्याला कोपरीत झेरॉक्सचं दुकान आहे आणि आसपासच्या आर्किटेक्ट मंडळींमुळे माझ्याकडे चादरीएवढ्या कागदावर नकाशे छापणारं मोठं मशीनही आहे. हे कळलं त्या दिवशी काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तसं माझ्या बायकोनेही कधी बघितलेलं नाही. तेव्हापासून माझ्या मोबाइलवर फोटो येतात. रिक्षाच्या पाठीवरचं कमळ, शेजारणीच्या साडीचा काठ, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे, आणि खाली एकच ओळ, "एकशे चाळीस टक्के कर." एकदा गडबडीत काकूंचा हत्ती एका वकिलांच्या कागदांत गेला. संध्याकाळी वकिलांचा फोन आला की बाकी सगळं ठीक आहे, पान सोळा समजलं नाही.

या सेवेच्या बदल्यात वस्तू येतात. आमच्या घरात सध्या किल्ल्या अडकवायच्या सात पाट्या आहेत आणि किल्ल्या दोन. काकू येणार असा बहिणीचा फोन आला की माझी बायको माळ्यावरून सगळी नक्षी उतरवून धडाधड भिंतीवर लावायला घेते. एकदा घाईत हरिण उलटं लागलं. काकू चहा पिताना त्या हरणाकडे बघत राहिल्या, म्हणाल्या, असंही बरं दिसतंय, आणि पंधरा दिवसांत मुद्दाम उलटं कापलेलं दुसरं हरिण आमच्याकडे आलं.

पण खऱ्या काकू बघायच्या असतील तर त्यांच्याबरोबर कल्याणला लाकडाच्या वखारीत जावं. मी स्कूटरवरून त्यांना नेतो. डोक्याला हेल्मेट, खांद्याला शबनम, हातात मोजपट्टी. वखारीत शिरल्या शिरल्या त्या दीर्घ श्वास घेतात, देवळाच्या गाभाऱ्यात घेतात तसा. त्यांना चांगल्या फळ्या नकोच असतात, कोपऱ्यात टाकून दिलेले तुकडे हवे असतात. त्या ढिगात बसून त्या एकेक तुकडा उचलतात, पॉलिश पेपरने जरासा घासतात आणि नाकाला लावतात. शिवण, ऐन, कदंब, फणस, सगळी झाडं त्यांना वासावरून कळतात. नवीन आलेल्या वखारवाल्याला हे खरं वाटेना. त्याने त्यांना डोळे मिटायला सांगून एकेक तुकडा नाकाशी धरला. काकूंनी आठच्या आठ ओळखले. नवव्याला त्या थबकल्या, पुन्हा वास घेतला आणि म्हणाल्या की हे लाकूड नाही, ही तुमची तंबाखूची डबी आहे. वखारीतल्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला स्कूटरवर पुढे जेमतेम बसायला जागा होती, बाकी सगळी स्कूटर लाकडाने भरली होती आणि मागे काकू एक फणसाचा तुकडा हातात धरून मला कानात ओरडून सांगत होत्या की यातून काय काय निघेल.

मशीनच्या आवाजाबद्दल सोसायटीत तक्रार झालीच. सेक्रेटरी लेखी पत्र घेऊन आले. काकूंनी पत्र शांतपणे वाचलं, बरोबर आहे म्हणाल्या, आणि आवाज नक्की किती होतो हे समजण्यासाठी तुम्हीच चालवून बघा, म्हणून त्यांना स्टुलावर बसवलं. सेक्रेटरींनी आधी एक सरळ रेघ कापली, मग एक वळण कापलं, मग बायकोचा फोन येईपर्यंत एक मासा कापला. मासा खिशात घालून ते घरी गेले. नंतर सोसायटीने ठराव केला की मशीन दुपारी दोन ते चार बंद राहील. बाकी वेळ मोकळा. सेक्रेटरी अधूनमधून रविवारी येतात, तक्रारीचं काय झालं हे बघायला.

या सगळ्यात काकांचं काय, असं कुणी विचारेल. काका म्हणजे काकूंचे यजमान, माझ्या बहिणीचे सासरे. ते बाम, काढे आणि चूर्णं करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे फिरते विक्रेते होते. कल्याणहून निघायचं आणि मुरबाड तालुक्यातली गावं दुकान दुकान करत पालथी घालायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यामुळे त्यांना बोलायची जबरदस्त सवय. कोणता दुकानदार कसा आहे, कोणत्या गावची भेळ चांगली, कुठे बस चुकली आणि बैलगाडीतून यावं लागलं, हे ते रोज सांगायचे. काकू बाल्कनीत कापत असायच्या, काका दारात खुर्ची टाकून बोलत असायचे. मशीनच्या आवाजात काकूंना त्यातलं काही ऐकू येत असेल असं वाटायचं नाही, पण काकांना त्याचं वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

मग एका सकाळी काका पेपर वाचता वाचता थांबले आणि त्यांच्या हातातून पेपर गळला. मेंदूत गुठळी झाली होती. बहीण घरात होती म्हणून वेळेवर दवाखान्यात नेता आलं. पंधरा दिवसांनी काका घरी आले, काठी घेऊन चालायला लागले, उजवा हात थोडा लुळा राहिला, तोही सुधारेल असं डॉक्टर म्हणाले. बोललेलं त्यांना कळत होतं. मोठी अक्षरं सावकाश वाचता येत होती. बोलणं तेवढं गेलं. तोंड उघडायचे, चेहरा लाल व्हायचा आणि नुसती हवा बाहेर यायची. हळूहळू त्यांनी प्रयत्न करणं सोडलं आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. काकूंनी मशीनवर जुनी चादर टाकली. महिनाभर त्या बाल्कनीत गेल्या नाहीत.

बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी यायच्या. चांगल्या होत्या, मनापासून शिकवायच्या. त्यांनी चित्रांची कार्डं आणली होती. सफरचंद, चेंडू, मांजर. काका कार्डाकडे एकदा बघायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने सगळी कार्डं खाली लोटली. मी नेमका त्या दिवशी तिथे गेलेलो. शिकवणाऱ्या बाई गेल्यावर काकू जमिनीवर बसून कार्डं गोळा करत होत्या. सफरचंदाचं कार्ड हातात घेऊन त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"माणसाला सफरचंद दाखवतात," त्या म्हणाल्या. "यांनी जन्मात कधी स्वतःहून सफरचंद विकत घेतलेलं नाही. यांना यांचा माल दाखवायला हवा."

मला वाटलं त्या बामाच्या बाटल्यांबद्दल बोलतायत. त्या उठल्या, बाल्कनीत गेल्या, मशीनवरची चादर ओढून काढली आणि तिथूनच मला विचारलं की तुझ्याकडे मुरबाड तालुक्याचा नकाशा मिळेल का, गावांच्या शिवांसकट. असा नकाशा माझ्या एका गिऱ्हाइकाकडे होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मोठा करून मी डोंबिवलीला पोचलो. काकूंनी पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. आत त्यांची ट्रेसिंगची जुनी पेनं, शाईची वाळलेली बाटली आणि पारदर्शक कागदाची एक गुंडाळी होती. नवी शाई आणली आणि जेवणाच्या टेबलावर, चष्म्यावर दुसरा चष्मा लावून, काकूंनी तालुका ट्रेस करायला घेतला. सगळी गावं नाही, काकांच्या फिरतीतली चाळीस. प्रत्येक गाव एक तुकडा, त्यावर त्याचं नाव. रस्त्यांना लाल शाई. मी आणि बहीण श्वास रोखून बघत होतो. सत्तरीला टेकलेल्या बाईचा हात कागदाला लागला की असा शांत कसा होतो, मला माहीत नाही. तो कागद त्यांनी माझ्याकडे दोन प्रती काढायला दिला तेव्हा मी तो मांडीवर ठेवलेल्या बाळासारखा कोपरीपर्यंत नेला.

कापणं सुरू झालं आणि घराला ताप चढल्यासारखं झालं. सहा एमएमचा प्लाय, वळणं नदीसारखी. पाती पटापट तुटत होती. सरळगाव कापून झालं, दोन पाती गेली. म्हसा कापलं, तीन गेली. बहीण ऑफिसातून फोन करून विचारायची की आता कुठपर्यंत आलं, आणि मी दुकानात गिऱ्हाइकाला थांबवून तिला सांगायचो की किशोर गाव झालं, टोकावडे चालू आहे. सव्विसाव्या गावाला शेवटचं पातं तुटलं. नवी मागवली तर आठवडा लागणार होता. काकू आठवडा थांबायला तयार नव्हत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं, हेल्मेट घातलं आणि खाली येऊन माझ्या स्कूटरजवळ उभ्या राहिल्या.

शीळफाट्याच्या गर्दीतून आम्ही वागळे इस्टेटला पोचलो. काकूंचा कारखाना आता तिथे नाही. त्या जागी काचेची इमारत आहे. काकूंनी तिच्याकडे बघितलंही नाही, मला मागच्या गल्लीत वळायला सांगितलं. तिथे एका गाळ्यात ते जुने मिस्त्री अजून नमुने कापत बसतात. त्यांनी काकूंना ओळखलं, स्टूल पुसून दिलं आणि काम विचारलं. काकूंनी सांगितलं. मिस्त्रींनी कपाटातून पात्यांची पुडी काढली, मग थोडा विचार करून विचारलं की साहेबांचा उजवा हात पकडतो का. काकू म्हणाल्या, नीट नाही पकडत. मग मिस्त्री म्हणाले की सपाट तुकडा त्यांना उचलता येणार नाही, प्रत्येक गावावर एक खुंटी बसवा. त्यांनी तिथल्या तिथे लेथवर चाळीस बारक्या लाकडी खुंट्या काढून दिल्या. तास दीड तास लागला. तेवढ्या वेळात काकू त्यांच्या शेजारी उभ्या राहून, डबा खाऊन आल्यासारख्या, बघत होत्या.

चौथ्या दिवशी तालुका तयार झाला. पलंगावर काकांच्या मांडीशी काकूंनी रिकामी चौकट ठेवली, तिच्यात फक्त लाल रस्ते आणि गावांचे खड्डे. बाजूला चाळीस गावांचा ढीग, प्रत्येकावर खुंटी आणि प्रत्येकावर ठळक अक्षरांत नाव. काकांनी आधी नुसतंच बघितलं. मग कल्याणहून येणाऱ्या लाल रस्त्यावर बोट ठेवलं. ते बोट रस्त्यावरून हळूहळू पुढे सरकलं. माझ्या बहिणीने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. काकांनी ढिगातून मुरबाड शोधलं, खुंटी दोन बोटांत पकडली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा धरली आणि तुकडा खड्ड्यात बसवला. टक् असा आवाज झाला. काकांनी आमच्याकडे बघितलं. दुखणं आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं.

दहा बारा गावं बसली. मग काकांनी सरळगाव उचललं. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावर आधी सरळगाव लागतं, मग बऱ्याच पुढे टोकावडे. काकांनी सरळगाव त्याच्या जागी ठेवलं. ते बसेना. फिरवून बघितलं, दाबून बघितलं, नाही बसलं. पुढच्या खड्ड्यात, टोकावड्याच्या जागी, ते सहज बसलं. काकांनी ते उपसून काढलं. पुन्हा पहिल्या जागी दाबलं. मग त्यांनी काकूंकडे असं बघितलं की मला भीती वाटली. मान हलवायला लागले, चेहरा लाल झाला, चौकटीवर मूठ आपटली. काकू शांतपणे म्हणाल्या की बसतंय तिथेच बसवा, नकाशात तसंच आहे.

काकांचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं.

"सर," ते म्हणाले. "सरळगाव. आधी."

काकांनी पुन्हा, आता जोरात, लाल रेघेवर बोट आपटत म्हटलं, "सरळगाव आधी." माझी बहीण रडायला लागली. काकू म्हणाल्या, "बरं, माझं चुकलं असेल. नावं उलटी पडली वाटतं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे त्यांच्या ट्रेसिंगची माझ्याकडे राहिलेली प्रत उलगडून बघितली. सरळगाव सरळगावच्या जागी होतं. टोकावडे टोकावड्याच्या जागी. कागदावर एकही चूक नव्हती. नावं उलटी पडली होती ती फक्त लाकडावर. मी फोन करून काकूंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "वय झालं रे. होतात आता चुका," आणि पहिल्यांदाच काही एकशे चाळीस टक्के करायला न सांगता फोन ठेवला.

त्यानंतर काकांचे शब्द येत गेले, पण आधी ते सगळे गावांचे. वर्ष होऊन गेलं. काकांच्या तोंडात आता साठसत्तर शब्द आहेत, त्यातले निम्मे तालुक्यातले. पाणी हवं असलं की ते मुरबाड म्हणतात. चहाला म्हसा. राग आला की टोकावडे. घरातल्या सगळ्यांना ही भाषा येते. माझी बहीण तर फोनवर मला सांगते की आज सकाळपासून दोनदा टोकावडे झालं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय की प्रत्येक वेळी बरोबर शब्द सांगून दुरुस्त करा, आणि घरात सगळे तसं करतात. काकू सगळ्यात काटेकोर. मशीन पुन्हा चालू झालं आहे, काका पुन्हा दारात खुर्ची टाकून बसतात.

फक्त एका शब्दाचा अर्थ कुणाला लागत नव्हता. काकू समोर आल्या की काका म्हणायचे, धसई, त्या चाळीसांतलंच एक गाव. बाजारातून आल्या, धसई. आंघोळ करून आल्या, धसई. काकांनी पंचेचाळीस वर्षांत त्यांना कधी नावाने हाक मारलेली नव्हती, अगं म्हणायचे. काकू त्यांना समजवायच्या की मी धसई नाही, आता तरी माझं नाव घ्या, कुणी हसणार नाही. काका मान डोलवायचे आणि म्हणायचे, धसई.

या हिवाळ्यात काकूंनी एकदा मला फोन केला. मला वाटलं वखारीत जायचंय. त्या म्हणाल्या की मला धसईला जायचंय, कधी पाहिलं नाही मी ते गाव. काकांचा तो सगळा तालुका त्यांनी केसाएवढ्या रेघेत कापला होता, पण त्यातल्या एकाही गावात त्या गेलेल्या नव्हत्या. मेहुण्यांची, म्हणजे काकूंच्या मुलाची, गाडी घेऊन आम्ही सकाळी निघालो. काकू सगळी वाट खिडकीतून बाहेर बघत होत्या. सरळगाव आलं तेव्हा त्यांनी पाटी वाचली आणि जरा हसल्या.

धसई साधंच गाव आहे. बाजाराचा रस्ता, वडापावची गाडी, दुकानं. काकू गाडीतून उतरून उभ्या राहिल्या आणि एकदा सगळीकडे बघून घेतलं. मला वाटलं आता म्हणतील पहिलं भोक कुठे पाडायचं. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बामाच्या बाटल्या दिसल्या म्हणून त्या तिकडे गेल्या. दुकानदार म्हातारे होते. काकूंनी काकांचं आणि कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी लगेच ओळखलं, आतून खुर्ची आणली, तब्येत विचारली. काकूंनी सांगितली. मग काकूंनी विचारलं की या गावात त्यांचं काही विशेष होतं का.

दुकानदारांनी विचार केला. "विशेष काही नाही, ताई," ते म्हणाले. "आमचं दुकान त्यांच्या फेरीतलं शेवटचं. तीन दिवस फिरून इथे यायचे. काम झालं की बॅगेचा पट्टा ओढायचे आणि दर वेळी म्हणायचे, झाली धसई, आता घरी."

काकू खुर्चीवर बसून राहिल्या. दुकानदारांनी चहा मागवला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. परतीच्या वाटेवर मुरबाड मागे पडलं. मग काकू म्हणाल्या, "घरी सांगू नकोस हे. सगळे मला धसई म्हणायला लागतील."

आम्ही डोंबिवलीला पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. काका दारात खुर्चीवरच होते. काकू जिना चढून दमल्या होत्या, चपला काढत होत्या. काकांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला.

"धसई," ते म्हणाले.

आतून माझी बहीण सवयीने म्हणाली की आई, दुरुस्त करा ना त्यांना.

काकूंनी हात काकांच्या खांद्यावर ठेवला. "राहू दे," त्या म्हणाल्या. "बरोबर बोललेत ते."